'मिळालेली' शाखा

महाराष्ट्रात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग ही शाखा फार कमी मुले निवडतात; बहुतेकांना ती मिळते. सीईटीचा पर्सेंटाइल हातात आला की कॅपच्या ऑप्शन फॉर्मवर सगळ्यांत वर कॉम्प्युटर, मग आयटी, मग 'एआय अँड डेटा सायन्स', मग ईअँडटीसी अशी उतरंड रचली जाते. या सगळ्यांतून खाली ओघळत आलेला विद्यार्थी इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या वर्गात जाऊन बसतो. 'सध्या इलेक्ट्रिकल मिळालंय, पुढच्या राउंडला बघू' असे नातेवाइकांना सांगितले जाते, आणि पुढच्या राउंडला काही हलले नाही तर चार वर्षे त्याच 'बघू'मध्ये जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ही उतरंड वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाजारभावावर बेतलेली आहे. चार वर्षांच्या पदवीवर माणूस पस्तीस-चाळीस वर्षे पोट भरतो. तेव्हा शाखेची पारख पहिल्या नोकरीच्या आकड्यावर करण्यापेक्षा त्या विषयाचा गाभा किती टिकेल आणि त्याला पुढे किती काम पडेल, यावर करायला हवी. या कसोटीवर इलेक्ट्रिकल आज कॉम्प्युटरच्या खाली ठेवण्याजोगी नाही. मात्र ती कुठल्याही महाविद्यालयातून घ्यावी अशीही शाखा नाही, आणि कुणीही घ्यावी अशी तर नाहीच.

उतरंड काही पहिल्यापासून अशी नव्हती. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली, तेव्हा विजेचे शिक्षण घेतलेला तरुण हा नव्या युगाचा कारागीर मानला जाई. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयनेचे पाणी पोफळीच्या डोंगरातल्या विद्युतगृहात फिरू लागले, खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले, आणि पुढची दोन-तीन दशके 'बोर्डात ज्युनिअर इंजिनिअर' हे लग्नाच्या बाजारातले वजनदार बिरुद होते. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालये निघाली, जागा वाढल्या. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरने परदेशाची दारे उघडली. नेमक्या त्याच काळात राज्याच्या वीजक्षेत्राची रया गेली. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा घोळ झाला, मंडळ तोट्यात रुतले. २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी त्याची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि एक सूत्रधारी कंपनी अशी विभागणी झाली. गावोगाव तासन्‌तास लोडशेडिंग सुरू होते. ज्या पिढीने वीज ही रात्री-अपरात्री येणारी आणि ऐन परीक्षेत जाणारी गोष्ट म्हणून पाहिली, तिने आपल्या मुलांना त्या खात्याकडे पाठवले नाही, यात नवल काय? त्या वेळचा तो हिशेब बरोबरच होता. पण तोच आकडा आजही न मोजता पुढे ओढला जातो. एआयसीटीईने २०२४ पासूनच्या नियमावलीत चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली, तेव्हा अनेक महाविद्यालयांनी कॉम्प्युटर आणि तिच्या उपशाखांच्या तुकड्या वाढवल्या. मागणी असेल तिथे दुकान वाढते, त्यात महाविद्यालयांना दोष देण्यासारखे फारसे नाही. पालकांनी मात्र एवढे लक्षात घ्यावे, की जागा वाढल्या म्हणून त्या पदवीधरांना लागणारे काम त्याच प्रमाणात वाढत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या आदल्या वर्षापेक्षा घटली.

आता विषयाच्या टिकाऊपणाचा मुद्दा. किर्चहॉफचे नियम १८४५ चे आहेत. प्रत्यावर्ती प्रवाहाची गणिते काल्पनिक संख्या वापरून सोपी करण्याची स्टाइनमेट्झची रीत १८९३ ची. इंडक्शन मोटरचे टेस्लाचे पेटंट १८८८ चे. सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आज हेच शिकतो, आणि तो साठ वर्षांचा होईल तेव्हाही हे खरेच असेल. याउलट एखादी प्रोग्रॅमिंगची चौकट पाच-सात वर्षांत जुनी होते. यावर कॉम्प्युटरची बाजू घेणारा म्हणेल, की अल्गोरिदम आणि तर्कशास्त्रही टिकाऊच आहे. चौकटी बदलतात, गाभा नाही. ते खरे आहे, आणि ज्याला तो गाभा आवडतो त्याने बेलाशक कॉम्प्युटरला जावे. पण त्या गाभ्याचे मूळ कुठले हेही त्याने पाहून ठेवावे. १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने एमआयटीत विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय रिले आणि स्विच यांची जोडणी हा होता. स्विचच्या उघड-बंद अवस्था बूलच्या बीजगणितात मांडता येतात, हे त्याने त्यात दाखवले आणि संगणकाच्या तर्काचा पाया घातला. संगणक हा इलेक्ट्रिकलच्या घरातला धाकटा, पुढे फार श्रीमंत झालेला मुलगा आहे. त्यामुळे थोरल्याचे घर बंद पडले असा समज मात्र झाला.

ते घर बंद पडले नाही. गेल्या शंभर वर्षांत झाली नव्हती एवढी मोडतोड आणि बांधणी त्यात सध्या चालू आहे. ही मोडतोड नेमकी कसली, ते नीट समजून घेतल्याशिवाय या शाखेचे भवितव्य कळत नाही, म्हणून थोडे तपशिलात जाऊ. आपल्या ग्रीडची वारंवारता ५० हर्ट्झ. या आकड्याला घड्याळाचे काटे बांधलेले आहेत असे नव्हे, त्याला सगळ्या देशातल्या वीजनिर्मितीचा आणि वापराचा समतोल बांधलेला आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातले शेकडो टनांचे टर्बाइन आणि जनित्र मिनिटाला तीन हजार फेरे घेत फिरते, आणि देशातली अशी सगळी यंत्रे एकाच ठेक्यात फिरत असतात. कुठे तरी एखादे केंद्र अचानक बंद पडले, की मागणी जास्त आणि निर्मिती कमी होते. तरीही दिवे त्याच क्षणी जात नाहीत, कारण कुंभाराने काठी काढून घेतल्यावरही चाक काही काळ फिरत राहते, तसे हे फिरते वजन आपल्या गतीतली ऊर्जा देत राहते. वारंवारता हळूहळू उतरते, तेवढ्या सेकंदांत बाकीची केंद्रे जोर वाढवतात. ग्रीड सांभाळण्याचे सगळे शास्त्र शंभर वर्षे या फुकट मिळणाऱ्या सेकंदांवर उभे होते.

सौर पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही. पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून ग्रीडला जाते, आणि इन्व्हर्टर म्हणजे सेमीकंडक्टरचे स्विच आणि त्यांना हुकूम देणारा प्रोग्रॅम. ग्रीडचा ठेका असेल त्या ठेक्यावर तो वीज ओततो. ठेका चुकला तर सावरण्याची शक्ती त्याच्यात आपोआप नसते, ती मुद्दाम रचावी लागते. भारताच्या स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायचा वाटा २०२५ च्या मध्यावर निम्म्यावर पोहोचला. अर्थात क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. युनिटांच्या हिशेबात अजूनही सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच आहे. म्हणूनच खरी कसोटी पुढे आहे. युरोपला तिची चुणूक मिळाली. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी, स्वच्छ उन्हात, स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश काही सेकंदांत अंधारात गेले. व्होल्टेज आटोक्याबाहेर चढत गेले, संरक्षक यंत्रणांनी एकामागून एक केंद्रे तोडली, आणि साखळी थांबली नाही. दोष सूर्यप्रकाशाचा नव्हता. नव्या प्रकारच्या निर्मितीकडून व्होल्टेज सांभाळून घेण्याचे नियम, उपकरणे आणि ते रचणारी माणसे कमी पडली. असे इन्व्हर्टर रचणे, त्यांच्या हजारोंच्या गर्दीत ग्रीड स्थिर राहील याचे गणित मांडणे, बिघाडाचा प्रवाह पूर्वीच्या तुलनेत लहान झाल्यावर तो ओळखणारे रिले बसवणे, यांतले एकही काम जुन्या पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उचलता येत नाही, आणि जुने पाठ्यपुस्तक पचवल्याशिवाय करताही येत नाही.

भारतीय ग्रीडचा अलीकडचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशीच्या अंधारात साठ कोटींहून जास्त लोक होते. दीडच वर्षात, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उर्वरित देशाशी एका ठेक्यात आली. आपल्या सोलापुरात त्या दिवशी काय घडले, हे किती सोलापूरकरांना ठाऊक असेल कोण जाणे. त्यानंतर ५ एप्रिल २०२० ची रात्र. पंतप्रधानांच्या आवाहनावरून नऊ मिनिटे घरोघरचे दिवे मालवले गेले आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली, मग तितक्याच वेगाने वर चढली. जलविद्युत केंद्रे झपाट्याने खालीवर करून भारप्रेषण केंद्रांतल्या अभियंत्यांनी ती रात्र निभावली. काहीच न घडल्यामुळे त्याची बातमी फार काळ चालली नाही. उलट त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला पडघा-कळवा मार्गावरच्या बिघाडात मुंबईची लोकल थांबली, शहराला बाहेरच्या गडबडीपासून तोडून वाचवणारी 'आयलंडिंग' योजना टिकली नाही, आणि त्याची बातमी आठवडाभर चालली. या विस्तीर्ण जाळ्याची नाडी सेकंदाला अनेकदा मोजणारे उपकरण म्हणजे फेझर मेजरमेंट युनिट. ते १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी घडवले. ग्वाल्हेरला जन्मलेल्या, खरगपूर आयआयटीत शिकलेल्या फडक्यांना त्यासाठी थॉर्प यांच्यासह २००८ चे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. जगभरच्या ग्रीड आज या उपकरणाच्या नजरेखाली असतात. मराठी माणसांच्या यशाच्या याद्या आपल्याकडे हौसेने छापल्या जातात, पण फडक्यांचे नाव त्यांत क्वचितच दिसते.

कामाचा प्रश्न देशाच्या पातळीवर सोडवला तरी विद्यार्थ्याला ते आपल्या आसपास दिसावे लागते. महाराष्ट्रात ते दिसते. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. त्यांना रात्री वीज देण्याची जुनी पद्धत मोडून दिवसा सौरवीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले गेले. याचा अर्थ गावाशेजारच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला, जिथून आजवर वीज फक्त खाली वाहत होती, आता दुपारी उलट दिशेने येणारी वीजही झेलावी लागणार. जुन्या फीडरची रचना त्यासाठी नव्हती. दुपारची सौरवीज संध्याकाळपर्यंत साठवण्यासाठी सह्याद्रीत पाणी वर चढवून ठेवणारे उदंचन प्रकल्प आखले जात आहेत. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचे प्रकल्प करण्याचा करार राज्याशी केला. भिवपुरीचे जुने केंद्र १९२२ चे! ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातला सर्वांत मोठा डेटा सेंटरचा समूह उभा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्जांवर जाईल. म्हणजे ज्या 'एआय'साठी मुले कॉम्प्युटरकडे धावतात, तो 'एआय' स्वतः ट्रान्सफॉर्मरच्या रांगेत उभा आहे. ही रांग खरीच आहे. मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर मागवले तर हाती पडायला जगात आज दोन ते चार वर्षे लागतात. ते बनवणारे कारखाने कळव्यात आहेत, स्विचगियरचे नाशिकच्या अंबड-सातपूरला आहेत. चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी तयार होतात, आणि त्या मोटारीत इंजिनाच्या जागी मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा, असा इलेक्ट्रिकलचा अख्खा अभ्यासक्रम बसवलेला असतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण पगाराचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगल्या महाविद्यालयातून निघालेल्या कॉम्प्युटरच्या मुलाला पहिल्या वर्षी इलेक्ट्रिकलच्या मुलापेक्षा जास्त पैसे मिळतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि शैक्षणिक कर्ज काढलेल्या घरात पहिल्या वर्षाचे पैसे महत्त्वाचे असतात. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. फ्लेक्सवर छापलेला 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा एका मुलाचा असतो. बाकीच्या शेदीडशेंचे काय झाले, ते मधल्या विद्यार्थ्याच्या पगारावरून कळते, आणि तो आकडा मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दुसरे, या व्यवसायात अनुभवाची किंमत उशिरा पण चढत्या भाजणीने मिळते. रिलेची सेटिंग करणारा, उपकेंद्र कार्यान्वित करणारा, ट्रान्सफॉर्मरच्या रचनेत मुरलेला पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस सहजी बदलता येत नाही. आखातातले तेलप्रकल्प असोत की युरोपातल्या पवनऊर्जा कंपन्या, अशा माणसांना तिथे मागणी आहे. 'इलेक्ट्रिकल करून आयटीत जाता येतं, उलटं येत नाही' हे समुपदेशनातले आवडते वाक्य आहे. ते खरे आहे, पण त्यावर शाखा निवडू नये. ज्याला सॉफ्टवेअरच करायचे आहे त्याने चार वर्षे इंडक्शन मोटरच्या समतुल्य मंडलात घालवण्यात काय हशील?

दुसरा आक्षेप सरकारी नोकरीचा. 'बोर्डात आता भरती कुठे होते?' महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्या भरत्या अनियमित आहेत, खालच्या थरात कंत्राटी कामगार वाढले आहेत, आणि कनिष्ठ अभियंत्याला तारा जोडण्याइतकाच वेळ थकबाकीच्या वसुलीत, वीजचोरीचे आकडे काढण्यात आणि गावपुढाऱ्यांच्या फोनला उत्तरे देण्यात घालवावा लागतो, हे कुणी नाकारणार नाही. गेटच्या गुणांवर पॉवरग्रिड, एनटीपीसी, एनएचपीसी किंवा यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून जाण्याचा मार्ग आहे, पण तो मोजक्यांचा. या शाखेकडे फक्त सरकारी नोकरीचा जिना म्हणून पाहणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता मोठी आहे. वस्तुतः काम आज मंडळाबाहेर जास्त आहे: वाहिन्या आणि उपकेंद्रे उभारणाऱ्या ठेकेदार कंपन्या, मेट्रो, रेल्वे, कारखान्यांची देखभाल, सौर प्रकल्पांचे विकासक. जिल्ह्याच्या ठिकाणी विद्युत ठेकेदाराचा परवाना काढून स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा एक मोठा वर्गही आहे. छतावरच्या सौर पॅनेलने या वर्गाला अलीकडे बरे दिवस आले. पांढरपेशा पालकांना हा पर्याय दिसतच नाही, हा त्यांच्या नजरेचा दोष.

'मुलीला ही शाखा कशी झेपेल?' हा प्रश्न अजून विचारला जातो. २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले, त्यामुळे तर तो अधिक घरांत विचारला जाणार. उत्तर सोपे आहे: रचना, संरक्षण, चाचणी, भारप्रेषण, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांत खांबावर चढण्याचा संबंध येत नाही, आणि महावितरणमध्ये खांबावर चढणाऱ्या महिलाही आहेत. धोक्याचा मुद्दा वेगळा आणि गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या २०१९ ते २०२१ या प्रत्येक वर्षी बारा हजारांच्या वर होती. यांत शेतकरी, वायरमन, ठेकेदाराचे हेल्पर, ओल्या भिंतीला हात लावणारी घरातली माणसे असतात, अभियंते क्वचितच. पण 'परमिट' न घेता माणसाला लाइनवर चढवणे, अर्थिंग न तपासणे, डीपीची पेटी उघडी ठेवणे, या चुकांच्या साखळीत कुठे ना कुठे अभियंत्याची सही असते. इतकी थेट जबाबदारी कोवळ्या वयात अंगावर घेणारे व्यवसाय थोडे, आणि ज्याला ती नको आहे त्याने दुसरीकडे जाणेच बरे.

अवघडपणाची तक्रार तर या शाखेच्या पाचवीलाच पुजलेली आहे. दुसऱ्या वर्षाच्या 'मशिन्स' आणि 'नेटवर्क्स'ने किती जणांना केटी दिली याची मोजदाद नाही. तक्रार खरी आहे. चुंबकीय क्षेत्र दिसत नाही, फेज दिसत नाही, अभिक्रियात्मक शक्ती तर कशाने मोजतात हेच आधी कळत नाही. सगळे गणिताच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. ज्याने बारावीत सदिश, त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र केवळ एमसीक्यूच्या युक्त्यांनी उरकले, त्याचे इथे हाल होतात. क्लासवाल्यांच्या कारखान्यातून सीईटीला पंच्याण्णव पर्सेंटाइल घेऊन बाहेर पडलेल्यांत असे बरेच असतात. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले गणितात सुरुवातीला मागे पडतात, पण मोटरचा स्टार्टर त्यांनी हाताने जोडलेला असतो, आणि शेवटच्या वर्षापर्यंत ती अनेकदा वर्गाच्या पुढे असतात.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र पालक घेत नाहीत, तो आपणच घ्यायला हवा. कॉम्प्युटरचे शिक्षण सुमार महाविद्यालयात मिळाले तरी हुशार मुलगा लॅपटॉप आणि इंटरनेटवर स्वतःची भरपाई करतो. इलेक्ट्रिकलमध्ये ही सोय नाही. घरी कुणाला अल्टरनेटर समकालित करता येत नाही, ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट चाचणी घेता येत नाही. सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन होते आणि ते उपयोगीही आहे, पण तीन दिवे एकाच वेळी विझण्याच्या क्षणी स्विच दाबताना हाताला जो नेमका अंदाज येतो, तो पडद्यावर येत नाही. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत या प्रयोगशाळांची अवस्था दयनीय आहे: यंत्रे गंजलेली, मीटर बंद, वीस-वीस जणांच्या गटात एक जण नॉब फिरवतो, एक आकडे लिहितो, बाकीचे उभे. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली जातात आणि टर्मवर्कचे गुण पडतात. शिक्षकांच्या कायम जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरची माणसे वर्ष भरत नाही तोच निघून जातात. अशा ठिकाणी घेतलेली इलेक्ट्रिकलची पदवी ही कॉम्प्युटरच्या सुमार पदवीपेक्षाही निरुपयोगी ठरू शकते. म्हणजे उतरंडीच्या समर्थकांकडे एक बळकट मुद्दा आहे, फक्त तो शाखेच्या विरुद्ध नसून वाईट महाविद्यालयाच्या विरुद्ध आहे. कॉम्प्युटर घेताना महाविद्यालयाच्या बाबतीत थोडी तडजोड चालेल. इलेक्ट्रिकल घेताना चालणार नाही. आपल्याकडे होते नेमके उलट. पर्सेंटाइल घसरला की मुलगा एकाच वेळी उतरत्या शाखेत आणि उतरत्या महाविद्यालयात जातो, आणि दोष शाखेच्या माथी येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अभियंत्यांची गरजच संपेल, हे भाकीत थोडक्यात निकालात काढता येईल. गणिते, आराखडे, अहवाल यांतले बरेच काम यंत्र करू लागेल, करू लागलेही आहे. पण ४०० केव्हीची वाहिनी बिघाडानंतर पुन्हा चालू करायची की नाही या निर्णयाखाली सही माणसाचीच लागणार, आणि जमिनीवर तांबे, पोलाद, पोर्सिलीन उभे करण्याचे काम भाकितांनी होत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या उन्हाळ्यात हा फॉर्म भरला जाणार आहे, त्यांनी एवढे करावे. मुलाने किंवा मुलीने त्या विद्यापीठाचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आधी वाचावा आणि नगरथ-कोठारींच्या विद्युत यंत्रांवरच्या पाठ्यपुस्तकाचे एखादे प्रकरण ग्रंथालयात चाळावे. कंटाळा आला तर ही शाखा यादीतून खुशाल काढून टाकावी. गोडी वाटली तर यादीतल्या महाविद्यालयात जाऊन मशिन्सची प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. समकालनाचा पॅनेल चालू आहे का, रिले तपासण्याचा संच आहे का, एका गटात किती विद्यार्थी असतात, कायम शिक्षक किती, गेल्या वर्षी मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे प्रश्न तिथल्या प्राध्यापकांना आणि त्याहून जास्त तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावेत. जिथे प्रयोगशाळा दाखवायला टाळाटाळ होईल, त्या महाविद्यालयाचा कोड फॉर्मवर घालू नये, मग ते कितीही जवळ असो. आणि जिथे उत्तरे समाधानकारक मिळतील, तिथे इलेक्ट्रिकल पहिल्या क्रमांकावर लिहायला लाजू नये.